विहीणबाईंची रोटी वर येईना

मणिकर्ण

चिरंजीव तुळेराम यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे फुलमाचे, पोटभर आशीर्वाद.

माझा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक आहे. तुझा खोकला गेला का? दिवसभर चंब्याच्या रस्त्यावरची धूळ खातोस आणि वर विड्या ओढतोस, मग खोकला बिचारा जाईल तरी कुठे!

तर तुझ्या रमिलाला बघायला बंजारची मंडळी येऊन गेली. रजा मिळत नाही म्हणून तू सगळं माझ्या गळ्यात टाकलंस, ते मी निभावलं. मुलगा दुनीचंद सरळ आहे, हसताना खाली बघतो. घोडं अडलं ते त्याच्या आईपाशी. खिमीदेवींना मुलगी आवडली, घर आवडलं, माझा राजमा तर पुन्हा पुन्हा वाढून घेतला ('नको, नको' म्हणायचं आणि ताट पुढे करायचं), पण शब्द काही देईनात. म्हणाल्या, "आधी मनात धरून उकळत्या कुंडात रोटी टाकते. वर आली तर सोयरीक, नाही आली तर राम राम." आता रीत आपल्याच गावची, तिला नाही कशी म्हणू?

कणीक त्यांनी स्वतः मळली. रोटी लाटली ती अशी जाड, की उशाला घेतली तर मान अवघडावी. मी म्हटलं, विहीणबाई, जरा पातळ करा, शिजल्याशिवाय ती वर येत नाही. तर म्हणाल्या, "आमच्याकडे रोटी खातात, पापड नव्हे." रोटी पाण्यात गेली ती गेलीच. आम्ही सगळे वाफेत उभे. रमिला ओढणीचं टोक पिळतेय, दुनीचंद पाण्याकडे असा बघतोय जणू दुभती गाय बुडालीय. मी रामालाही नवस बोलले आणि गुरूंनाही. देऊळ आणि गुरुद्वारा भिंतीला भिंत लावून, दोघं शेजारी राहतात, आपसांत ठरवतील म्हटलं.

तेवढ्यात कपूरथळ्याच्या गुरमेज कौर आपल्या जथ्यातल्या बायका घेऊन आल्या (त्याच, दर वर्षी मला लोणचं आणतात त्या). त्यांनीही रोट्या सोडल्या, आणि थोड्या वेळानं पातळ रोट्या टपाटप वर. त्यांत एक मात्र अगदी वाकडी, एका बाजूला चोच निघालेली. गुरमेज कौरनं ती झाऱ्यानं उचलून खिमीदेवींपुढे धरली. "घ्या बहेनजी, आली तुमची! मुबारक!"

"ही? माझी चांगली गोल होती."

"उकळत्या पाण्यात माणसाचा चेहरा राहत नाही, रोटीचा काय राहणार?"

"पण इतकी वाकडी..."

"मग काय आमच्या बायका अशा लाटतात?" म्हटल्याबरोबर साऱ्या पंजाबणी कंबरेवर हात ठेवून उभ्या!

बघ आता. रोटी आपली म्हणावी तर हाताची अब्रू जाते, नाही म्हणावं तर सोयरीक जाते. वाफेनं सगळेच ओले, तरी विहीणबाईंचा घाम मला वेगळा कळला. शेवटी दुनीचंदानं तोंड उघडलं, "आई, घरी अशीच तर असते." त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मी असते तर कुंडात उडी टाकली असती. मग रोटीचा तुकडा मोडला, रमिलाच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "वाकडी असली तरी माझीच आहे. हिला गोल येत असेल तर उद्यापासून ही लाटेल."

झाली सोयरीक. तोंड गोड कर.

तुझी,
फुलमा

ता. क. सगळे गुरुद्वाऱ्यात जेवायला गेल्यावर मी झारा आणायला परत गेले, तर कुंडात विहीणबाईंची रोटी वर आलेली. गोल. पौर्णिमेच्या चंद्रासारखी. तूप लावून खाऊन टाकली. मध्ये जरा कच्ची होती.

आणखी एक. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं. रमिलाचं मंडी शहरातलं नर्सिंगचं शिक्षण अजून व्हायचंय, ते झाल्याशिवाय ती बोहल्यावर चढणार नाही म्हणते. लंगरची भांडी घासताना तिनं दुनीचंदाला तसं सांगितलं. त्यानं हातातली कढई घासणं न थांबवता मान डोलावली. राहिल्या त्याच्या आई, आणि त्यांना लग्न माघातच हवंय. हे त्यांना सांगणं मुलीच्या बापाला शोभतं, आत्याला नव्हे. तेव्हा रजा काढ आणि ये. तू बोलत असताना मी आतल्या खोलीत असेन, दाराला कडी लावून.