काकांच्या उजव्या हाताला

४ मे, रविवार

हरलो! नुसता पत्त्यांत हरलो असतो तर इथे लिहीत बसलो नसतो.

प्रीतीने घरी सांगून टाकलंय — लग्न करीन तर प्रशिकशी. तिचे बाबा, अशोककाका, फौजेतून रिटायर झालेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "संडेला पोकर खेळायला बुलाव त्याला. पत्त्यांवर आदमी समजतो." मी अकोल्याचा, रमीपलीकडे गेलेलो नाही. यूट्यूब बघून गेलो.

इंदूरच्या विजय नगरमधला त्यांचा फ्लॅट. प्रीती, तिचे बाबा, शेजारचे पंढरीनाथकाका आणि त्यांचा भाऊ. मी कडेची खुर्ची ओढली तर अशोककाका म्हणाले, "प्रशिकजी, इकडे. आमच्याकडे मेहमान उजव्या हाताला बसतो." केवढा मान! बसल्यावर कळलं. पाळी डावीकडे सरकते. म्हणजे आधी मी बोलायचं आणि काकांनी माझं ऐकून मग. वाटप माझ्याकडे येतं तेवढा डाव सोडला तर कायम!

एका डावात मला राजा आणि नव्वी. टेबलावर सगळ्यांची सामाईक पानं राणी, नव्वी, दुर्री उघडली. नव्व्यांची जोडी — मिरवण्याइतकी चांगली नाही, फेकण्याइतकी वाईट नाही. गप्प बसवेना. पैसे लावले. काका "चलो" म्हणून तेवढेच टाकत राहिले, मध्येच आणखी पोहे मागितले. मी शेवटपर्यंत लावत गेलो. मग त्यांनी राण्यांची जोडी दाखवली आणि माझ्या पोह्यांवर वरून शेव घातली.

५ मे

प्रीतीचा फोन. "मिडियम पत्ता, वर बोलायचं आधी, तर चेक म्हण ना! काही न लावता पाळी पुढे दे. मधला ढीग, पॉट, छोटा ठेव."

"बाबांना भित्रा वाटेन."

"भित्रा चालेल रे. बडबड्या नाही चालत त्यांना."

११ मे, रविवार

सगळ्यालाच चेक. तीन एक्के आले तरी चेक! पंढरीनाथकाका म्हणाले, "भिया," — म्हणजे इंदुरी भैया — "झोपला काय?" मध्येच अशोककाकांनी सहज विचारलं, "इंदूरमध्ये फ्लॅट-व्लॅट घ्यायचा विचार आहे की नाही?"

मी म्हणालो, "चेक."

तोंडातून निघून गेलं! प्रीती उठून आत गेली. हसायला गेली की रडायला, देव जाणे.

१ जून, रविवार

आज युक्ती केली. लवकर जाऊन काकांच्या डाव्या हाताची खुर्ची पकडली. आता आधी तुम्ही बोला! काका आले आणि माझ्यासमोर उभेच राहिले. बसेचनात. प्रीतीची आई, सुनंदाकाकू, स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आल्या. "अहो, मेहमानाला डावीकडे? लोक काय म्हणतील?"

उठलो. पुन्हा उजवीकडे. पुन्हा आंधळा.

१० जून

सांवेर रोडला कारखान्यात साहेबांनी विचारलं, हा लॉट पास की रिजेक्ट? तपासणी माझं काम. मी म्हणालो, सर, आधी तुम्ही बोला.

२९ जून, रविवार

जमलं!!

गुलाम आणि दश्शी हातात. टेबलावर राजा, दश्शी, चव्वी. म्हणजे पुन्हा तीच मधली जोडी, पुन्हा आधी मी. चेक. काकांनी थोडे लावले, मी तेवढेच टाकले. पुढचं पान — चेक. पुन्हा लावले, पुन्हा टाकले. शेवटचं पान फालतू. चेक म्हणालो आणि हात मांडीखाली दाबून ठेवले.

काकांनी ढीगच्या ढीग पुढे सरकवला. माझ्याकडे बघून हसले.

आता जोडी फेकून द्यावी, असंच वाटलं. पण इतके रविवार मी दुसरं केलंय काय? काकांकडेच तर बघतोय. चांगला पत्ता आला की काका हसत नाहीत. पोहे मागतात. आज पोह्यांचं नाव नाही. टाकले सगळे! काकांकडे राणी आणि गुलाम. रांग लागायची होती, लागली नाही. हातात काहीच नाही!

पाठीवर थाप पडली. "वा भिया!" प्रशिकजी नाही, भिया! मी हवेत.

खाली उतरलो तोच आठवलं, लग्नाचं अवाक्षर नाही. या खेळात हे बरं असतं — हरलेला खिशात हात घालतो आणि पुन्हा बसतो, कोणी बाहेर जात नाही, काही संपत नाही. पण मला संपवायचंय हो काका. तुमची मुलगी आवडते मला. पत्ते नाही आवडत.

६ जुलै, रविवार

काही नाही. दोन जोड्या फेकल्या. चहा गोड होता.

२० जुलै, रविवार

आज पत्ते वाटायच्या आधीच बोलून टाकलं. "काका, मला प्रीतीशी लग्न करायचंय. हो की नाही, ते सांगा."

काका काकूंकडे बघायला लागले. काकू माझ्याकडे. "अरे, हॉल तर मेमध्येच बुक केला! तू पहिल्यांदा आला ना, त्याच हफ्त्यात. नोव्हेंबरची तारीख आहे."

काका पत्ते पिसत म्हणाले, "सांगितलं असतं तर दर संडेला आला असता काय, भिया? पाचवा आदमी मिळतच नव्हता."

प्रीतीकडे वळलो. तुला माहीत होतं?

"चेक," ती म्हणाली.