पहिल्या घासाची व्यवस्था

मी, सेगुला हानोख झिराडकर, मूळची अलिबागकडची बेने इस्राएल ज्यू, आता राहणार ईडन प्रेरी, मिनेसोटा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी खात्री करायला राष्ट्राध्यक्ष कोण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं आणि वर माझं मतही ऐकवलं. कायद्याची इंग्रजी प्रत वकिलाकडे आहे. ही मराठीतली हिमानीने जोएलला वाचून दाखवावी, कारण माझ्या मुलाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. वाचताना स्वतःबद्दलचं तिने काही गाळू नये.

१. राहतं घर मुलगा जोएल आणि सून हिमानी या दोघांच्या नावे समान. तळघरातली हानोखची हत्यारं जोएलची. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही, पण बापाची आहेत, ठेव बाबा.

२. बँकेतली शिल्लक आमच्या सिनेगॉगच्या सुतक-स्वयंपाकाला द्यावी. हा स्वयंपाक मी वीस-बावीस वर्षं सांभाळला. आमच्यात माती देऊन आलं की घरच्यांनी पहिलं जेवण स्वतःच्या घरचं जेवायचं नाही, दुसऱ्यांनी आणून वाढायचं. उकडलेली अंडी, मसूर, सगळं गोल, जन्ममरणाच्या चाकासारखं. कोणाकडे काय न्यायचं, कोणी न्यायचं, हे फोन करकरून मी ठरवायचे. बर्फात टोप गाडीच्या सीटला पट्ट्याने बांधून नेलेत. माझ्यामागे हे कोण बघणार, एवढी एकच काळजी मला वर्षानुवर्षं खात होती.

३. अर्नोल्ड ग्लासमन यास माझी बर्फ ढकलायची मशीन द्यावी. यानेच एकदा सिनेगॉगच्या मीटिंगमध्ये सुचवलं होतं की स्वयंपाक कशाला, हॉटेलची कुपनं पाठवू. मी तीन वर्षं त्याच्याशी धड बोलले नाही. पण खरा राग त्याहून मोठा होता, आणि तो सगळ्यांवर होता. हानोख गेला तेव्हा आम्ही कब्रस्तानातून घरी आलो, तर टेबल रिकामं. प्रत्येकाला वाटलं, सेगुलाचा फोन येईल. फोन करणारी मीच, आणि मी तर सुतकाच्या रीतीप्रमाणे जमिनीवर बसलेली! एवढी शिकलेली माणसं, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी हिमानी आली. तेव्हा ती नुसती जोएलची मैत्रीण होती, नागपूरची, हिंदू, आणि लग्नाला माझा साफ नकार होता. हातात पिठलं-भाताचा डबा. त्यांच्याकडेही सुतकाच्या घरी शेजारचे हेच नेतात. मी तोंड फिरवलं. ती दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, मी अजून तुमची कोणीच नाही ना? मग माझ्या हातचं चालेल."

जेवले मी. रडत रडत दोनदा वाढून घेतलं.

४. माझे दोन्ही मोठे टोप, झारे आणि मसाल्याचा डबा हिमानीला. टोप सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात ठेवायला हरकत नाही, पण मालकी तिची. गेल्या हिवाळ्यात माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिने न सांगता काम उचललं. ज्यू नसलेल्या बाईकडे हे द्यावं का, अशी कुजबुज झालीच. मतं घेतली तेव्हा तिच्या बाजूने पहिला हात अर्नोल्डने वर केला, हेही इथे नोंदवते.

५. त्याच हिवाळ्यात हिमानीचे वडील नागपुरात वारले. वादळामुळे विमानं बंद, तिला जाता येईना. मी दवाखान्यात, औषधांनी गुंगलेली. मी कोणालाही फोन केला नाही. आणि फोन करायचं काम ज्या बाईकडे आलं होतं, तिच्याच घरी सुतक. पुन्हा तीच गत होणार, असं वाटून मी पडल्या पडल्या देवाशी भांडले.

सकाळी जोएलने सांगितलं की अर्नोल्ड बर्फ तुडवत आला होता. मसूर आणला होता. हिमानी अंडी खात नाही हे त्याच्या लक्षात होतं, म्हणून गोल असावेत असे छोटे बटाटे उकडून आणले होते. मागोमाग आणखी चार घरचे आले. कोणी सांगितलं, असं हिमानीने विचारलं, तर म्हणाला कोणीच नाही. मी त्या दिवशी कित्येक वर्षांनी निवांत झोपले. नर्सला वाटलं गोळीमुळे.

६. सबब माझ्या मनात आता कोणाविषयी अढी नाही. असलीच तर ती रद्द समजावी.

७. मला माती देऊन आल्यावर हिमानीने स्वयंपाकघरात जाऊ नये. ती घरची आहे. जोएलशेजारी बसावं आणि जे समोर येईल ते खावं. दोघांनीही कोणाला फोन करू नये. येतील.

वाचून, समजून, चहा पिऊन सही केली.

सेगुला हानोख झिराडकर
ईडन प्रेरी, मिनेसोटा
९ ऑक्टोबर २०२४

आमच्यादेखत सही झाली:
विनीता मोघे, शेजारीण
एकनाथ गव्हाणे, शेजारी