सरकारचं काय करायचं

२९ जून १९७८

ईर्मेली गेली. पहाटे, इस्पितळात. मी कॉफी आणायला खाली गेलो होतो.

४ जुलै

घरात करमत नाही. बाहेरही नाही.

एकोणतीस वर्षं दर बुधवारी आणि शनिवारी पेपरात लिहून गावाला हसवलं, 'वल्हं' या नावानं. वल्हं म्हणजे मी, हे सगळ्यांना ठाऊक – पण तोंडावर कोणी म्हणत नाही, तशी रीतच नाही. आणि लेखातलं 'सरकार' म्हणजे माझी बायको, ईर्मेली. सरकारनं मासे साफ करायला लावले, सरकारनं माझी टोपी चुलीत घातली. ती वाचून म्हणायची, "टोपी मी जाळली नाही. पण सुचायला हवं होतं."

८ जुलै

आज तिला निरोप दिला. आणि घोटाळा झाला!

जुलैच्या सुट्टीचे लेख मी मे महिन्यातच लिहून देतो. ते थांबवायचं ना मला सुचलं, ना संपादक पेल्कोनेनला. आज सकाळी छापून आलं – मी सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, शिट्टी वाजवतो म्हणून सरकारनं मला ओल्या अंगानं बाहेर काढलं! चर्चच्या दालनात कॉफीला बसलेल्या सगळ्यांनी ते वाचलेलं. कोणी मान वर करेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी तिची बहीण सायमी म्हणाली, "वाजवतोच हा शिट्टी. मीही हाकललं असतं." हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग सगळेच रडले. मीही.

१२ जुलै

उरलेले लेख थांबवू नका म्हणून कळवलं. निदान पेपरात तरी ती माझ्यावर खेकसते आहे.

२० जुलै

पेल्कोनेन आला. मी कॉफी ओतली.

"ऑगस्टपासून काय करायचं? म्हणजे... सरकारचं?"

"तूच सांग."

"आई म्हणते, तिला मारू नको म्हणावं त्याला."

"आणि जिवंत ठेवून तिच्या तोंडी काय घालू?"

तो कॉफी न पिताच गेला.

२९ जुलै

साठवणीतला शेवटचा लेख आज आला. आता ती खरंच गप्प होणार.

टंकयंत्रात कागद चढवतो. माझी वाक्यं येतात, तिच्यापाशी अडतो. जे सुचतं ते तिचं वाटत नाही. सगळी नुसती नक्कल. फार आठवण येते.

१ ऑगस्ट

लेख पाठवला. शेवटचाच. त्यात वल्हं वारलं – तळ्यावर, होडीत, बडबड चालू असतानाच. सरकार धडधाकट आहे.