परतीच्या आवाजाची वाट

रविवार, ३ मार्च. सकाळ.
कंठात वाणी आणि कानात श्रवण ठेवणाऱ्या कृपाळूस वंदन करून इंटरनेट-फोनचा शुभारंभ नोंदवितो. संकल्प: दर रविवारी दहाला, दूरगावच्या ताईस, भाऊजींस आणि त्यांच्या शेजारीणबाईंस पोथीतील एकेका अध्यायाचे निरूपण. एकूण बारा. माझे ऐकणारे जगात एवढे तिघेच उरले. तेही गळाले तर भिंतीच.
पुस्तिका वाचून राऊटरची सर्व दारे स्वहस्ते बंद केली. अनाहूत काही आत नको.
फोन जोडला गेला. सव्वा तास बोललो. पलीकडून अक्षर नाही. काय ही एकाग्रता!

१० मार्च.
दुसरा अध्याय. एक विनोद केला. कोणी हसले नाही. श्रोते गंभीर आहेत. विनोद वर्ज्य. वेळ दीड तास.

११ मार्च.
ताईचा मेसेज: 'आमचं ऐकू येत नाही का तुला?' प्रार्थना ईश्वरास उद्देशून असावी. चुकून मला आली.

१४ मार्च.
दंतवैद्यांचा फोन. तेही चकार शब्द बोलले नाहीत. त्यांना एकाग्र होण्याचे कारण नव्हते. शंका.

१५ मार्च.
दुरुस्तीवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, "काका, घंटीचा निरोप सर्व्हरमार्फत जातो. आवाजाची वाट निराळी. त्याचे बारीक तुकडे होऊन थेट घरोघरी जातात. तुमचे बाहेर पडतात, त्यांचे तुमच्या राऊटरच्या दारावरून परत फिरतात. दार कुणी लावलं?" मी हवामानाविषयी बोललो.
दार उघडले. म्हणजे माझे सर्व पोचले आहे! रविवारी धन्योद्गार ऐकू येतील.

१७ मार्च.
तिसरा अध्याय, वैराग्य. पाचव्या मिनिटाला ताई: "चालू दे त्याचं, त्याला कुठे ऐकू येतंय! अहो, वाटा पत्ते." भाऊजी: "मागच्यासारखं डोकावायचं नाही हं." शेजारीणबाई: "आज यांचा घसा बरा वाटतोय, नाही?"
मी बोलत राहिलो. ताईला मोठ्याने पेच पडला: राजा की राणी? पुकारलेल्या पानांत हुकमाचा एक्का अजून आला नव्हता. विरक्तीच्या ऐन व्याख्येत माझ्या तोंडून निघाले, "राणी टाक, राजा धर."
ताई: "अगंबाई! ऐकतोयस होय रे मेल्या!" तिघेही पोट धरून हसले. डाव ताईने जिंकला.
ठरले: पुढील रविवारपासून मी ताईचा सल्लागार. सल्ला भाऊजींनाही ऐकू जातो, ते नंतर पाहू. निरूपण पत्ते पिसताना, जमल्यास. या गतीने बारा अध्याय नऊ वर्षांत पुरे होतील.
ही पाने ज्याच्या हाती पडतील त्याचे कल्याण असो. त्याला ऐकणारे लाभोत, आणि त्यांचेही त्याला ऐकू येवो.