मुकादम नावाच्या बोक्याच्या सोयीबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सोफे-खुर्च्यांना नवे कापड चढवण्याचा (हात थरथरू लागल्यापासून बंद), आज पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाखाली नसताना माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. हृदयाचे डॉक्टर हसत हसत म्हणाले, "कागदपत्रं नीट करून ठेवलेली बरी," तेव्हा काय ते मी समजले. यापूर्वीचे मृत्युपत्र धाकट्या भावाच्या आग्रहावरून केले होते, ते रद्द समजावे.

१. वरच्या मजल्यावरच्या राहत्या खोल्या व खालचे दुकान माझ्या भाचीला द्यावे. एक अट आहे, ती कलम चारमध्ये. ती ऐकून भाची म्हणाली, "मावशी, यात विचारायचं काय?" हा होकार समजावा.

२. दाभणे, हातोड्या, शिलाई मशीन आणि मोठी कातर, हे सर्व माझ्याकडे काम शिकून मागच्याच गल्लीत स्वतःचे दुकान थाटणाऱ्या बाईला द्यावे. तिने माझी गिऱ्हाइके पळवली म्हणून मी बरीच वर्षे तिच्याशी अबोला धरला होता. आता राग उरलेला नाही. कातरीला धार मात्र तिनेच लावून घ्यावी.

३. धाकट्या भावाला आईचे जेवणाचे टेबल व त्याच्या खुर्च्या द्याव्यात. याहून जास्त का नाही, ते लिहिते, म्हणजे मागाहून तो भाचीच्या डोक्याशी कटकट करणार नाही.

गेल्या वर्षी माझा बोका खाईनासा झाला. मी कामाला बसले की तो समोर ठाण मांडून बसे आणि खिळा वाकडा गेला की शेपूट आपटे, म्हणून त्याचे नाव मुकादम. त्याला कोपऱ्यावरच्या नव्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेले. तिथे दर खेपेला डॉक्टर निराळा, म्हणून दर खेपेला सगळे पहिल्यापासून सांगायचे. एकाने खाणे बदलले, दुसऱ्याने ते बंद केले. फोन केला की "कळवतो" म्हणत. कळवले कोणीच नाही. शेवटी रक्त तपासले. तिसऱ्या डॉक्टरने मुकादमाकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघत विचारले, "पाणी फार पिते ना?"

"नाही."

"लक्षात आलं नसेल तुमच्या. किडन्या गेल्यात तिच्या. हाल करण्यात अर्थ नाही, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवून टाकू."

"तिच्या? अहो, हा बोका आहे."

"नोंद करताना चूक झाली असेल, आजी. रक्त काही खोटं बोलत नाही."

त्याने संमतीचा कागद पुढे सरकवला. भाऊ सोबत होता. तो म्हणाला, "ताई, डॉक्टर सांगतायत ना? मांजरच तर आहे. सही कर आणि चल, मला उशीर होतोय."

मी मुकादमाला उचलले आणि घरी आले. रात्रभर तो कुशीत होता, आणि माझ्या डोक्यात एकच: हे रक्त जिचे आहे, ती कुठे आहे? ती आजारी असून तिच्या माणसाला "सगळं ठीक" म्हणून घरी पाठवले असणार.

सकाळी काउंटरवरच्या मुलीला हे सांगितले. "दुसऱ्यांची माहिती देता येत नाही," ती म्हणाली. माहिती मला नकोच होती, दवाखान्यानेच त्या मांजरीच्या माणसाला फोन करावा एवढेच म्हणणे होते. "सर आले की सांगते." सर आले, गेले. मग मी तिथल्या बाकावर रोज जाऊन बसू लागले आणि मांजर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले. लोक सरकून बसत. भाऊ येऊन म्हणाला, "हसतायत तुला सगळे." हसू देत, म्हटले.

असाच एक दिवस एक निवृत्त ट्रामचालक टोपलीत पांढरी म्हातारी मांजर घेऊन तिची नखे कापून घ्यायला आले.

"हिचं रक्त तपासलं होतं?"

"हो, ठणठणीत आहे म्हणाले."

"पाणी फार पिते का?"

त्यांनी टोपली मांडीवर घेतली. "तुम्हाला कसं कळलं?"

आम्ही दोघे नदीपलीकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुकादमाची दाढ किडली होती. ती काढल्यावर तो तिसऱ्या दिवशी ताटलीवर तुटून पडला. पांढरीच्या किडन्या मात्र खरोखरच गेल्या होत्या. औषधांवर तिने हिवाळा काढला आणि ट्रामचालकांच्या मांडीवर, खिडकीशी, गेली. "निदान मला ठाऊक तरी होतं," ते म्हणाले. दवाखान्याने माफी मागितली नाही. मुकादमाच्या नावे वाढदिवसाचे कार्ड तेवढे आले. त्यावर 'लाडक्या मनीस' असे छापले होते.

भावावर माझा राग नाही. पण कोणाचा जीव मी त्याच्या हाती सोपवणार नाही.

४. मुकादम माझ्यामागे ट्रामचालकांकडे राहील. ते चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतात आणि जिना त्यांना आता झेपत नाही, म्हणून खालचे दुकान त्यांना हयातभर राहायला द्यावे. भाचीवरची अट ती हीच. पांढरी गेल्यावर "आता पुन्हा नको" असे ते म्हणाले होते, म्हणून मी भीत भीतच विचारले. ते बराच वेळ मुकादमाचे कान खाजवत राहिले. मग म्हणाले, "तुमच्यानंतर ना? मग अजिबात घाई करू नका."

५. बँकेतल्या शिलकीतून मुकादमाचा खर्च आधी भागवावा, उरेल ते भाचीचे. त्याला दाखवायचे ते डॉक्टरीणबाईंनाच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, अगदी नखे कापायलासुद्धा, नेऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. ट्रामचालकांना साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळणार त्याने सही करू नये असे वकीलबाईंनी बजावले. म्हणून ते आतल्या खोलीत बसले आहेत. मुकादम त्यांच्या चपलेवर झोपला आहे आणि तो उठेपर्यंत आपल्याला घरी जाता येणार नाही, असे ते आतून सांगत आहेत.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: शेजारचा चष्मेवाला, वकीलबाई
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, दुपार