घरचा शब्द पुसा

सोमवार, १६ जून

पोचले एकदाची बोरगावात. बेळगावात दोन वर्षं मुलाखतींसाठी चपला झिजवल्या आणि शेवटी नोकरी मिळाली ती इथल्या इंग्रजीच्या क्लासमध्ये. तरी आज मी खूश आहे. खोली क्लासच्या मालकांच्या, तवनाप्पा सरांच्या बहिणीकडे मिळाली आहे. गुणाआक्का नाव. जैनांचं घर, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. भूक नसताना दोन भाकऱ्या वाढल्या आणि नको म्हटलं तर रुसल्या.

गावी, सांबऱ्याला आईला फोन केला. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. पण मी ‘आई’ म्हटलं की तेवढ्यावरून मी जेवले की नाही ते ती ओळखते. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आहे. नोकरी टिकवायची ती त्यासाठीच.

मंगळवार, १७ जून

सरांची पद्धत वेगळी आहे. त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारे आणि सारख्याच लांबीचे इंग्रजी शब्द एका दिवशी घ्यायचे, म्हणजे पोरांच्या डोक्यात माळ बसते. आज बी-आर, पाच अक्षरी: ब्रूम, ब्रिक, ब्राइड.

वर्गात निम्मी पोरं मराठी घरांतली, निम्मी कन्नड. अर्थ कुठल्या भाषेत सांगायचा यावरून पूर्वी पालकांत जुंपायची. सरांनी तोडगा काढला. पोरांनी आपापला घरचा शब्द फळ्यावर लिहायचा. मग सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, घरचा शब्द पुसा. तो पुसला की त्या जागी इंग्रजी. एकाने दुसऱ्याचा शब्द पुसला की पुन्हा भांडण, म्हणून फडकं बाईंच्या हातात. केरसुणी, वीट, नवरी, सगळं मीच पुसलं. कन्नड शब्दही पुसले. भांडण नाही, तंटा नाही. मला पद्धत आवडली.

गुरुवार, १९ जून

खोली झाडायची होती. गुणाआक्कांकडे मागायला गेले आणि शब्दच आठवेना. काड्यांची, मूठ बांधलेली, दाराआड उभी असते ती. वेड्यासारखे हातवारे केले. मला स्वतःचाच राग आला.

आक्का हसल्या नाहीत. फळ्यावर पुसलीस व्हय, असं विचारलं. म्हणाल्या, आदीच्या बाईला जाताना सोताच्या गावाचं नाव सांगता येईना झालतं. बसवाल्यानं इचारलं तर नुसती रडत बसली. असलं काहीतरी ऐकवून माणसाचं डोकं आणखी फिरवायचं.

मागचं पान उलटून पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलंय: केरसुणी. वाचता येतं. म्हणजे काय, ते कळत नाही.

शनिवार, २१ जून

सकाळी एस-एन, पाच अक्षरी. स्नेक, स्नेल, स्नॅक. पुसलं मीच. थकवा आहे, मनाचे खेळ आहेत, असं स्वतःला बजावत पुसलं.

दुपारी आक्का परसात जळण काढत होत्या. त्यांची नात दीप्ती माझ्याच वर्गात आहे. ती एकदम किंचाळली, स्नेक, स्नेक. आक्कांना इंग्रजीचा गंध नाही. काय म्हणतीस गं, म्हणत त्या तशाच वाकून हात घालत राहिल्या. मला दिसत होता तो. लांब, बिनपायांचा, डोकं उचललेला. तोंड उघडलं आणि माझ्याही तोंडातून स्नेकच निघालं. शेवटी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, पोरं घरात बी इंग्रजीच बोलाय लागल्यात, आईबाप लई खूश हैत, तुम्हाला काय तरास?

सोमवार, २३ जून

उद्याची माळ सरांनी आज सांगितली. एम-ओ, सहा अक्षरी. मंकी, मोमेंट, मदर.

नको म्हटलं. दुसरं काहीही घ्या म्हटलं. शिकलेली पोरगी असून असलं मनात आणतीस, म्हणाले. नोकरी नको असेल तर तसं सांग, हेही म्हणाले.

फडक्याला हात लावणार नाही. बस.

आईला फोन केला. फोनभर नुसतं आई, आई म्हणत होते. ती म्हणाली, बरी हैस न्हवं गं?

मंगळवार, २४ जून

फडकं घेतलं नाही. पोरांनी लिहिलं. दीप्तीने मधोमध, मोठ्या अक्षरांत. मग ओरडा सुरू झाला. सर स्वतः फडकं घेऊन पुढे आले.

इतका संताप आला की मी आडवी गेले. फळ्याला पाठ टेकवून, हात पसरून उभी राहिले. सर बाजूला हो म्हणाले. हलले नाही. घामाने ब्लाउज भिजला तरी हलले नाही. शेवटी तेच वैतागून निघून गेले. पोरं गेली.

वाचवलं, म्हणून वळले.

फळा कोरा. माझ्या पदराला, पाठीला खडू. ओला, पांढरा —

काय लिहिलं होतं दीप्तीने? दोनच अक्षरं होती. मधोमध —

बुधवार, २५ जून

फोन वाजतोय सारखा. वर नाव आहे, वाचता येतं. कुणाचं —

उचलला. एक म्हातारी. नीलम, जेवलीस का म्हणते. राँग नंबर म्हणून ठेवला. परत —

गुरुवार

ती इथे आली आहे. भिंत चाचपत. गुणाआक्का हात धरून आणताहेत. दिसत नाही तिला.

दारात थांबली. पुढे येत नाही. कान माझ्याकडे करून उभी. मी हाक मारेन म्हणून —

आक्का रडताहेत. मला म्हणतात, म्हण की गं. एकदा म्हण.

काय म्हणू? मागची पानं उलटते आहे, असेल कुठेतरी — लिहिलं असेल मी — ती अजून उभी आहे — तोंड उघडते मी आणि —