तीन ठोके, दोन ठोके

सोमवार, ३
पोचलो बुवा! गटारवाल्याला खोली कोण देणार, पण घरमालकिणीने दिली. सगळ्यात वरची. माझ्यावर फक्त छप्पर. वास वरच राहील म्हणाली, जसा काही तो मी पिशवीतून आणलाय. कधीकाळी पाइप वाहिले, आता अख्ख्या गावाची भुयारी गटारं आणि मैलाशुद्धीकरण केंद्र माझ्या सहीने होणार. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, हात धुऊन जेव.

गुरुवार, ६
मुकादम भला, पण मोजकं बोलणारा. इथली रीत त्यानेच शिकवली. चेंबरमध्ये माणूस उतरला की वरचा पहारीने तीन ठोके देतो : आहेस ना? खालचा दोन देतो : आहे. केंद्राच्या जागेखालून जुनी वाहिनी जाते, पंधरा वर्षं बंद. ती काँक्रीटने भरायची, मग वर टाकी.

सोमवार, १०
जुन्या चेंबरच्या झाकणावर गमतीने तीन ठोके दिले. खालून दोन आले.
माझे कान तिखट. गळती मी रस्त्यावरून ऐकतो. हे पाणी नव्हे. मुकादम म्हणाला, उंदीर असतील साहेब. मी विचारलं, उंदीर मोजतात का? तो पहार उचलून चालता झाला.

बुधवार, १२
आज मुकादम स्वतःच सांगायला आला. पंधरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ तिथे उतरला आणि माती ढासळली. तीन दिवस दोन-दोन ठोके येत होते. तेव्हाच्या साहेबाला उद्घाटनाची घाई. पाणी ठिबकतंय म्हणाला, झाकण पक्कं करवलं. मुकादमाने हात जोडले : एकदा फोडून बघा साहेब, निदान हाडं तरी द्या.
फोडायचं तर पोलीस, चौकशी, काम दोन वर्षं लांबणीवर. माझं पहिलं मोठं काम.

गुरुवार, १३
अहवालात लिहिलं, ‘वाहिनी रिकामी आहे.’ सही केली. मुकादमाने कागद वाचला, घडी घालून परत दिला. भांडला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १४
काँक्रीट ओतलं. पंपाच्या घरघरीतूनही येत होते. दोन. दोन. दोन. मुकादम मान खाली घालून उभा. त्यालाही ऐकू –
दुपारी थांबले.

शनिवार, १५
खोलीत मैल्याचा वास. घरमालकीण म्हणते, कसला वास? आई फोनवर म्हणाली, विहिरीतून बोलतोस की काय.

रविवार, १६
भर दुपार. खिडकीतून उजेड नाही. वरून येतोय. गोल.
छपरावर पहार. तीन ठोके.
मी भिंतीवर दोन दिले. पुन्हा दिले. जोरात –
वर कुणी बोलतंय. आवाज ओळखला. माझाच. म्हणतोय, रिकामी आहे, ओता –
आहे रे, मी आहे, मी इथे आ